कार्डावरची शेवटची फेरी

१

बुधवारी सकाळी साडेनऊला भागीदाराने गाडीवरची ताडपत्री ओढली, चाकांखालचे लाकडी ठोकळे काढले आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. दहा महिने झाकून ठेवलेली गाडी इतकी चटकन सुरू झाली म्हणून त्याला बरं वाटलं, पण ते जेमतेम अर्धा मिनिट टिकलं. ॲक्सिलरेटर जरा दाबला आणि बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला. मागून निळ्या धुराचा लोट निघाला आणि गॅरेजभर जळक्या तेलाचा वास पसरला.

त्याने घाईघाईने इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. टर्बो गेला होता.

टर्बो म्हणजे मुठीएवढी दोन चाकं आणि त्यांना जोडणारा एक दांडा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो मिनिटाला लाखभर फेरे घेतो, आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. दांडा तरंगतो तो तेलाच्या पातळ थरावर. हा दांडा आता हाताने हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजत होता.

ही गाडी उस्तादांची, ज्यांच्याबरोबर त्याने हे गॅरेज चालवलं. उस्ताद दहा महिन्यांपूर्वी याच गॅरेजात, याच इंजिनाशेजारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. रविवारी घाटातल्या शर्यतीत त्यांच्या आठवणीसाठी गाडी धावणार होती. आणि आज बुधवार.

भागीदाराने गाडीच्या आत वाकून डॅशबोर्डखालची खाच चाचपली. तिथे नखाएवढं एक कार्ड असायचं. गाडी कधी सुरू झाली, किती वेगाने गेली, क्लच कधी दाबला, हवेचा दाब किती चढला, सगळं त्या कार्डावर उतरायचं. उस्तादांनी मूळचे मीटर काढून टाकले होते, त्यामुळे गाडी किती चालली हे सांगणारी जागा ती एकच. म्हणजे कोणी काही केलं असेल, तर ते कार्डावर सापडणार होतं.

खाच रिकामी होती.

२

विमा कंपनीत तिला सगळे भिंगबाई म्हणत. मोडलेली इंजिनं उघडायची, भिंगातून बघायचं आणि दोन पानांत लिहायचं, चूक कोणाची. वीस वर्षांत तिचा एकही रिपोर्ट खोटा ठरला नव्हता.

उस्ताद तिचा थोरला भाऊ. सहा वर्षांपूर्वी तिने एक रिपोर्ट दादाच्या कामाबद्दल लिहिला होता. गिऱ्हाइकाच्या गाडीचा पिस्टन फुटला होता. टर्बोच्या इंजिनात हवा जास्त कोंबली, ठिणगी जरा लवकर पाडली, की ताकद वाढते. पण पेट्रोल हलकं निघालं तर स्फोट वेळेआधीच होतो आणि पिस्टनवर हातोड्यासारखा बसतो. दादा म्हणाला, गिऱ्हाइकाने हलकं पेट्रोल भरलं. तिने लिहिलं, "पेट्रोल हलकं होतं. परंतु ट्यूनिंग करताना चुकीला जागाच ठेवलेली नाही."

दोन्ही खरं होतं. दादाने फोनवर एवढंच म्हटलं, "बारके, लिहिलंस ते बरोबर आहे. लिहायच्या आधी मला एक फोन करायचास."

त्यानंतर फोन झाला नाही. तो करील म्हणून ती थांबली, ती करील म्हणून तो थांबला असावा. मग एक दिवस वहिनीचा फोन आला, तो दादा गेल्याचा.

भागीदार फोनवर म्हणाला होता, "ताई, तुमच्या दादाचं इंजिन कोणीतरी मारलंय. कोणी ते मला माहीत आहे, पण तुम्ही लिहून दिलंत तर लोक मानतील." त्याचं "माहीत आहे" तिला आवडलं नव्हतं. ती दुपारच्या बसने निघाली.

बसने तिला चढाच्या माथ्यावर सोडलं. तिथून गल्ली तीव्र उताराने खाली जायची. उजवीकडे तळ्याची पायवाट होती, ती गंजलेले पत्रे ठोकून बंद केलेली. आत खणलेल्या मातीवर गुडघाभर गवत वाढलं होतं. दोनशे पावलांवर दादाचं घर, आणि त्याच्याच खाली, उतार संपतो तिथे गॅरेज.

"वन्सं, आलात?" वहिनी दारातच उभी होती. "बारीक झालात हो."

"तू पण."

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा हल्ली ऐकू कमी येतं म्हणून जगालाच बहिरं समजून बोलत.

"कोण आलंय? बारकी? ये, ये! बघ माझी तब्येत! रोज पहाटे तळ्यापर्यंत चालून येतो. एक दिवस खाडा नाही!"

बोळातल्या खुंटीवर बाबांची टोपी, काठी आणि एका तारेत ओवलेली गाडीची दुसरी किल्ली लटकत होती. पहिली गॅरेजच्या फळीवर असायची. म्हणजे किल्ली घरातल्याही कोणाच्या हाती लागू शकत होती, आणि गॅरेजातल्याही.

"गॅरेजात जाऊन येते," ती म्हणाली.

वहिनी चटकन म्हणाली, "उद्या जा ना. आज कशाला?"

तिच्या आवाजात काळजी होती, पण ती काळजी पाहुणीसाठी नव्हती.

३

गॅरेजात भागीदार तिची वाटच बघत होता. गोल अंगाचा, सतत कपाळ पुसणारा माणूस. दादाबरोबर त्याची तेवीस वर्षं गेली होती.

"लेथकाका," तो म्हणाला. "दुसरं कोणी नाही. टर्बोला तेल नेणारा पाइप त्यांनीच बनवलाय. सोमवारी भर गॅरेजात ओरडले, ही गाडी शर्यतीत गेली तर बघा म्हणून. आणि बुधवारी हे! मी त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका."

"तीस वर्षं इथल्या लेथवर राबलेल्या माणसाला?"

"तीस वर्षं राबलेला माणूसच असं करू शकतो, ताई. परक्याला कुठे माहीत, कुठे हात घालायचा ते."

तिने पाना घेतला. टर्बो सोडवून बाकावर घेतला, आधी तेलाचा पाइप काढला आणि उजेडाकडे धरून त्यातून पाहिलं. आतून आरशासारखा स्वच्छ. फुंकर मारली, ती सरळ पलीकडे गेली.

मग तिने टर्बोचं पोट उघडलं. दांड्याच्या भोवती काळी, टणक खपली बसली होती. तिने सुईने खरवडून बघितलं. खपली सहज निघेना, आणि निघाली ती पापुद्र्यापापुद्र्यांनी.

"हे बघा," तिने भिंग पुढे केलं. "गाडी जोरात चढ चढून आली की टर्बो निखाऱ्यासारखा तापतो. तेव्हा इंजिन ताबडतोब बंद केलं तर काय होतं?"

"तेल फिरायचं थांबतं. आत उरलेलं करपतं. म्हणून आम्ही बंद करायच्या आधी एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवतो. उस्तादांचा नियमच होता तो. नवीन गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तेच सांगायचे."

"हे ते करपलेलं तेल. एका दिवसात एवढं होत नाही. पापुद्र्यावर पापुद्रा आहे. पाइपमध्ये खोट नाही, तेल भरपूर येत होतं. लेथकाकांचा यात हात नाही. कोणीतरी ही गाडी शंभर-दीडशे वेळा चढावर पिटाळली आणि गरम गरम बंद केली."

भागीदाराने कपाळ पुसायचं थांबवलं. "ताई, गाडी दहा महिने झाकलेली आहे. मी रोज ताडपत्री बघतो."

"ताडपत्री बघता," ती म्हणाली. "गाडी नाही बघत."

४

लेथकाका आपल्या घराच्या पायरीवर बसले होते, डावा पाय लांब करून. तो गुडघा चार वर्षांपासून वाकत नव्हता. हातात कानस होती आणि ते लोखंडाचा एक तुकडा उगाचच घासत होते.

"पाइपात केसभर कचरा निघाला असता ना, तर मीच हात कापून दिला असता," ते म्हणाले.

"पाइप स्वच्छ आहे, काका. मी बघितलाय."

कानस थांबली. त्यांनी ती पायरीवर ठेवली.

"मग सोमवारी भांडलात कशाला?"

"ते इंजिन शर्यतीसाठी नव्हतंच. तो शर्यतवाला बाण रोज मागे लागायचा, उस्ताद, अजून थोडा दाब वाढवा, अजून थोडा. तुझा दादा म्हणायचा, या इंजिनात हाव नाही करायची. पाच वर्षं नुसतं तेच करत होता. ठिणगी जरा उशिरा, पेट्रोल जरा जास्त, हवा थंड करायची जाळी मोठी. रोज बेंचवर, जागच्या जागी चालवायचा आणि रोज काहीतरी थोडं कमी करायचा. मी एकदा विचारलं, अरे, ताकद वाढवायला लोक येतात तुझ्याकडे, तू कमी काय करत बसलायस? तर म्हणाला..." लेथकाका अडखळले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हे इंजिन एक दिवस माझ्या बहिणीने उघडावं, आणि तिला त्यात काही सापडू नये."

"हे त्याने मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कधी?" लेथकाकांनी रागाने नाही, साधंच विचारलं.

उंच, हाडकुळा बाण तिला रस्त्यापलीकडच्या टायरच्या दुकानात भेटला. शर्यतीच्या गाड्या चालवणं हाच त्याचा धंदा.

"मला ती गाडी हवी होती, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "ट्यूनिंगची फाइलसुद्धा मागितली होती. भागीदारांनी दिली नाही. पण मी टर्बोची गाडी गरम बंद करीन? ताई, मी बायकोचं बोलणं अर्ध्यात तोडीन, पण इंजिन मिनिटभर थांबल्याशिवाय बंद करणार नाही."

"गाडीत कधी बसला होतात?"

"सोमवारी, पाच मिनिटं. सीटचा पेच माझ्याने सरकेना. अजून उस्तादांच्याच मापाला आहे, माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. कार्ड होतं तेव्हा, हिरवा दिवा लुकलुकत होता." तो दारापर्यंत आला आणि थांबला. "एक मात्र मला विचित्र वाटलं. डॅशबोर्डवर बोटभर धूळ होती, आणि गिअरची मूठ चकचकीत."

५

गुरुवारी सकाळी तिने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला. दहा महिने पडून राहिलेल्या पेट्रोलला शिळ्या रंगासारखा वास येतो. हे ताजं होतं. भागीदार म्हणाला, टाकी अर्धी होती, उस्ताद गेले तेव्हाही अर्धीच होती. म्हणजे जेवढं जाळलं तेवढं कोणीतरी मोजून परत भरत होतं. एवढी काळजी चोर घेत नाही.

कार्ड नव्हतं, पण इंजिनाच्या कंप्यूटरने आपल्यापुरतं थोडं लक्षात ठेवलं होतं. तिने लॅपटॉप जोडला. सतत हलकं पेट्रोल येतंय, असं कंप्यूटर सांगत होता, म्हणून तो बरेच दिवस ठिणगी अधिकाधिक उशिरा पाडत होता. या गाडीत दादा फक्त महागातलं, भारी पेट्रोल घालायचा. ज्याला गाड्यांतलं कळतं, तो इथे साधं पेट्रोल ओतणार नाही.

तिने ठिणगीचे प्लग काढले आणि भोकांतून बारीक नळीचा कॅमेरा आत सोडला.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या इंजिनातही हलकं पेट्रोलच गेलं होतं. तेव्हा पिस्टनच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. ती पहिल्या पिस्टनवर गेली. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. परत पहिल्यावर आली. एक टवका नाही, एक ठिपका नाही. नवख्या पायाने, नको त्या पेट्रोलवर कोणीतरी महिनोन्‌महिने गाडी चढावर पिटाळली होती, आणि दादाच्या ट्यूनिंगने ते सगळं पोटात घेतलं होतं.

ती स्टुलावर बसली. भागीदाराने विचारलं, "काय सापडलं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून भिंग पुसत बसली. भागीदार शहाणा होता, तो बाहेर गेला.

मन जागेवर आल्यावर तिने नावं एकेक करून खोडली. भागीदार आणि बाण गाडी गरम बंद करणार नाहीत, हाडात भिनलेली सवय असते ती. लेथकाकांचा गुडघा वाकत नाही, या गाडीचा क्लच त्यांना दाबणंच शक्य नाही. वहिनीला वरच्या फळीवरचा डबा काढायलासुद्धा स्टूल लागतं, सीट इतकी मागे असताना तिचे पाय पोहोचले नसते. मग धंद्याबाहेरचा, घरात ये-जा असलेला, आणि उंचीने दादाएवढा माणूस कोण?

दादाची उंची आणि खांदे कोणाकडून आले होते, ते तिला लहानपणापासून माहीत होतं.

ती चढ चढून घरी गेली. बोळातली काठी खुंटीवरून काढली आणि उलटी केली. तिचं रबरी टोक दुकानातून आणल्यासारखं कोरं होतं. आणि तळ्याची वाट तर पत्रे गंजेपर्यंत बंद होती.

६

"बाबा, भागीदारांची गाडी वर माथ्यावर उन्हात उभी आहे. जरा खाली सावलीत आणता?"

"मी?" बाबा ओरडले. "माझा परवाना संपून तीन वर्षं झाली. डोळ्यांमुळे दिला नाही नवा."

"गल्लीतल्या गल्लीत तर आणायचीय. मी बसते शेजारी."

बाबांनी एकदा वहिनीच्या खोलीकडे बघितलं, आणि टोपी घातली.

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. ते बसले, आरसा नीट केला, दोन्ही हात चाकावर ठेवले. पहिला गिअर. मग दुसरा टाकताना क्लच एकदा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. जुन्या बसचे गिअर तसे केल्याशिवाय पडायचे नाहीत. या गाडीला त्याची काही गरज नव्हती, पण पाय ऐकत नव्हता. उतार सुरू झाला. बाबांनी किल्ली एक खाच मागे फिरवली. इंजिन बंद झालं आणि गाडी आवाज न करता आपली आपण खाली घरंगळू लागली.

"बाबा, इंजिन बंद का केलंत?"

"उताराला कशाला जाळायचं फुकट? डेपोत पाटी होती आमच्या. गाडी थांबली की इंजिन बंद, उतार लागला की..." बोलता बोलता त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली.

"घाट उतरून हायवेपर्यंत जात होतात?" तिने त्यांच्या कानाशी विचारलं.

"हो. आणि परत वर." पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झाला होता. "परत येताना माथ्यावरच बंद करायचो. घरात सुनेला कळू नये, उगाच जिवाला लागेल तिच्या. मग ताडपत्री, ठोकळे, जसंच्या तसं."

"का, बाबा?"

"तो म्हणायचा, बाबा, एकदा बसा गाडीत. पंचवीस वर्षं म्हणत होता. मी म्हणायचो, ज्यात पन्नास माणसं बसत नाहीत ती कसली गाडी? चार माणसांसाठी एवढा गोंगाट! हसायचा तो. पण हसून झालं की परत विचारायचा." त्यांनी चाकावरचा एक हात काढला आणि परत ठेवला. "आता बसतो. तो हात ठेवायचा तिथे आपला हात ठेवायचा. एवढंच. दुसरं काही करत नाही मी."

पलीकडे ताडपत्रीखाली दादाची गाडी उभी होती. बाबांनी तिकडे बघितलं.

"म्हणजे ती मी मोडली का गं?"

"टर्बो गेला. तो नवा बसेल. इंजिनाला ओरखडासुद्धा नाही, बाबा. तुम्ही साधं पेट्रोल भरत होतात, डोळ्यांना नीट दिसत नसताना चढावर पळवत होतात, तरी त्याच्या इंजिनाने तुम्हाला रोज सांभाळून घरी आणलं."

बाबा मान हलवत राहिले. मग ते खाली उतरले आणि काठीशिवाय, भिंतीला धरून, घराकडे निघाले.

भागीदाराला तिने सगळं सांगितलं. तो चपला घालून लेथकाकांकडे गेला. तासाभराने दोघं परतले. लेथकाका पुढे चालत होते आणि भागीदार त्यांची डब्याची पिशवी घेऊन मागे. रविवारच्या शर्यतीतून गाडीचं नाव काढलं गेलं.

पण एक गोष्ट उरली होती. कार्डाबद्दल विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "कसलं कार्ड?" आणि ते खरं बोलत होते.

७

दुपारी वहिनी खिडकीशी शिवत बसली होती. ती समोर जाऊन बसली.

"वहिनी, कार्ड तुझ्याकडे आहे. सोमवारी ते गाडीत होतं. भागीदार बुधवारी गाडी उघडणार, हे घरात तुला एकटीलाच माहीत होतं. कार्डावर बाबांच्या सगळ्या फेऱ्या निघाल्या असत्या."

वहिनीने सुई कापडात खोचली. सुयादोऱ्यांच्या डब्यातून बटणांच्या खालून कार्ड काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"या वयात त्यांना कोणी बोलावं, असं नको होतं मला. लेथकाकांवर येईल हे डोक्यातच आलं नाही हो. काल कळल्यापासून घास उतरत नव्हता."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून. बाबांना वाटतं त्यांना ऐकू येत नाही म्हणजे कोणालाच येत नाही." ती किंचित हसली. "पहाटे गाडी सुरू व्हायची. मी जागीच असायचे. तोच आवाज, वन्सं. आधी घुमायचं, मग चढावर ती बारीक शीळ. इतकी वर्षं तोच आवाज ऐकून मी कूस बदलायचे. वाटायचं, निघाले कामाला. म्हणून थांबवलं नाही मी त्यांना. बाबांचे डोळे असे, रस्ता असा, थांबवायला हवं होतं. पण नाही थांबवलं." तिने कापड उगाचच नीट केलं. "परत आल्याचा आवाज मात्र कधी यायचा नाही. मी कान देऊन वाट बघायचे. मग एकदम बोळात काठी टेकवल्याचा आवाज, आणि उजाडलेलं असायचं."

ती वहिनीजवळ सरकली.

"यात ह्यांचंही असेल ना काही?" वहिनीने कार्डाकडे बोट दाखवलं. "मला वाचता येत नाही. जायच्या आधीच्या रविवारी सकाळी निघाले, इंजिन मोकळं करून आणतो म्हणाले, आणि दुपारी उशिरा आले. जेवले नाहीत नीट. मी विचारलं नाही. तुम्ही बघा ना, कुठे गेले होते."

लॅपटॉपवर बाबांच्या फेऱ्या आधी आल्या, एकशे शेहेचाळीस, प्रत्येक गिअरला क्लचच्या दोन दोन रेघा. त्यांच्याही मागे दादाची शेवटची फेरी होती. कार्डाला गाव कळत नाही, रस्ता कळत नाही. फक्त वेळ, वेग आणि पाय. पण दादाचा पाय तिने लगेच ओळखला. लहानपणी स्कूटरवर त्याच्या मागे बसून तो तिच्या अंगात भिनला होता. घाईने कधीच नाही, आणि मध्येच सोडणंही नाही.

ती बोट सरकवत वाचू लागली. "इथे घाट उतरला. हायवे. इथे चार मिनिटं थांबलाय, रेल्वेचं फाटक असणार. मग सरळ ऐंशीच्या वेगाने एकशे बारा किलोमीटर..."

तिचं बोट थांबलं.

"काय झालं?"

"इथे वेग कमी झालाय. तीन गतिरोधक आहेत, ओळीने. मग शाळेचं वळण. मग गाडी उभी." तिने पडद्याजवळ वाकून पुन्हा मोजलं. "ही आमची गल्ली आहे, वहिनी."

वहिनीने शिवण खाली ठेवलं. "तुमच्याकडे आले होते? मग? भेट झाली तुमची?"

पडद्यावर वेगाची रेघ शून्यावर आडवी पडली होती. तिच्यावर इंजिनाची दुसरी रेघ, बारीक आणि सरळ, कुठेही न थरथरणारी. इंजिन त्याने बंद केलं नव्हतं. अकरा मिनिटं. मग गाडी वळली होती आणि आलेल्या रस्त्याने परत गेली होती.

तिने तारीख बघितली, वेळ बघितली. रविवार, सव्वाअकरा. त्या दिवशी ती टेबलाशी बसून कोणाच्या तरी मोडक्या इंजिनाबद्दल लिहीत होती.

"नाही झाली," ती म्हणाली. "पण मी आवाज ऐकला होता. खाली टर्बोची गाडी उभी आहे, हे कळलं होतं मला. इतकं एकसारखं चालणारं इंजिन मी कधी ऐकलं नव्हतं. लिहायचं थांबून ऐकत बसले होते. छान लावलंय कोणीतरी, असं मनात म्हणाले." तिने वहिनीचा हात घट्ट धरला. "मग उठून खिडकी लावून घेतली. रिपोर्ट पुरा करायचा होता."